फियाट परत घेणार नाही

आमची जुनी फियाट कागलजवळ दिसली, हे घरच्या ग्रुपवर टाकल्यापासून एकच सल्ला येतोय, "घेऊन टाक परत!" पुतण्याने तर ती रंगवून, क्रोम चमकवून, लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायचा हिशेबही मांडलाय. मी घेणार नाही. का ते लिहितो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढे सलग बाकडं, वारा थेट तोंडावर घेणाऱ्या त्रिकोणी काचा. थंडीत चोक ओढून मनधरणी केल्याशिवाय उठायची नाही. १०८९ सीसीचं इंजिन आणि आत आम्ही सगळं खटलं, वर कॅरिअरला वळकट्या. आंबा घाटात तापली की वडील बॉनेट उघडून शांतपणे बिडी ओढत उभे राहायचे. आई म्हणायची, गाडी निवते का तुम्ही? पुढे वडिलांच्या गुडघ्याला क्लच जड व्हायला लागला, घरात मारुती आली आणि फियाट गेली. त्यात काही नाट्य नव्हतं.

परवा पंक्चरच्या दुकानासमोर ती उभी. आमची क्रीम रंगाची होती, ही निळी, तीही ब्रशने रंगवलेली. मागच्या सीटवर सरकी पेंडेची पोती. डॅशबोर्डवर वडिलांनी छोटा पंखा बसवायला पाडलेली दोन भोकं दिसली आणि खात्री पटली. मी काचेतून वाकून बघतोय म्हटल्यावर मालक आले.

"इकायची न्हाई हं, आधीच सांगतो."

आमची होती म्हटल्यावर मात्र चहा मागवला, बॉनेट उघडलं. वॉटर पंपाचा शाफ्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काढून आणलेला. कार्ब्युरेटर कुठल्या तरी भंगारातल्या गाडीचा. वायरिंग तर त्यांनी स्वतःच केलेलं, आणि खरं सांगायचं तर भयानक. पण अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली. आमच्याकडे ती असं कधीच करत नव्हती!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे थांबली, तेव्हा फेसबुकवर केवढे उसासे पडले होते. माझाही होता त्यात. पण उसासा फुकट असतो. हा माणूस पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंगला नेतो. एप्रिल २०२२ मध्ये अशा जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. तो भरतो, कुरकुरतो आणि परत बाजाराला जातो.

जुनी गाडी धूर जास्त काढते, हे मान्यच. तपासणी कडक असावी, नापास झाली तर भंगारात जावी, माझं काही म्हणणं नाही. पण आठवड्याला एक बाजार करणारी फियाट आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी नवी मोटार यांचा हिशेब नुसत्या जन्मतारखेवर कसा काय होतो? गाडी किती फिरते आणि नळीतून काय सोडते, तेही बघा ना.

आणि मी परत घेतली तर काय होईल? पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवीन, दसऱ्याला झेंडूची माळ, पाहुणे आले की फोटो. बॅटरी उतरलेली. तिकडे ती पोती वाहतेय, खड्डे खातेय, चालतेय. वडिलांना यातलं काय आवडलं असतं, मला विचारायची गरज नाही.

फोटो टाकत नाहीये, नंबर दिसतो म्हणून. मागू नका.

आमच्या माळ्यावर डिस्ट्रिब्युटरची एक कॅप आणि मागच्या दिव्याची काच सापडली, ती रविवारी पाठवतोय. त्यांना डाव्या बाजूच्या त्रिकोणी काचेचं रबर हवंय. कुणाच्या गॅरेजमध्ये पडून असेल तर मला मेसेज करा. चिरलेलं नको, तसलं त्यांच्याकडे आहे.