वाटी जागेवर बसली म्हणजे गुडघा बरा झाला?

नाशिकमधल्या शाळांच्या पालक-ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'वाढत्या वयात मुलांच्या गुडघ्याची वाटी सरकते. घाबरू नका, हाडवैद्याकडून किंवा घरीच बसवून घ्या. एक्स-रे चांगला आला तर एमआरआयच्या फंदात पडू नका. दीड महिना पाय सरळ बांधून ठेवा, कोमट तेलाने मालिश करा. व्यायामाने वाटी पुन्हा सरकते, म्हणून व्यायाम नको. नंतर बेल्ट लावून खुशाल खेळू द्या. वय वाढलं की आपोआप थांबतं. ऑपरेशन हा पैसे काढायचा धंदा.' खाली हात जोडलेले इमोजी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि खेळणाऱ्या मुलांचे गुडघे हेच माझं रोजचं काम, त्यामुळे 'मॅडम, हे खरंय का?' असं विचारत हा मेसेज माझ्याकडेही येतोच. एकदाच सविस्तर लिहिते.

आधी 'घरीच बसवा'. बहुतेक वेळा बसवायची गरजच पडत नाही. पाय सरळ झाला की वाटी आपसूक जागेवर येते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सुजलेला गुडघा आणि 'काहीतरी बाहेर आलं होतं' एवढंच उरतं. पण वाटी बाहेरच अडकली असेल, तर वाकलेल्या गुडघ्यावर ती आडवी रेटू नका. तिची आतली कड मांडीच्या हाडावर घासून कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचा, टवका उडू शकतो. पाय आहे तसा उशीवर टेकवायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. पाऊल गार किंवा बधिर पडलं असेल, तर नुसती वाटी नव्हे, अख्खा सांधाच निखळल्याची शंका घ्यायची. तिथे रक्तवाहिनी धोक्यात असते, हाडवैद्याचा पत्ता शोधत बसायला वेळ नसतो.

एक्स-रे हवाच, पण त्यात हाड दिसतं. कूर्चा दिसत नाही, आणि वाटीला आतल्या बाजूने मांडीच्या हाडाशी बांधणारं लिगामेंटही दिसत नाही. पहिल्यांदा वाटी बाहेर जाते तेव्हा हे लिगामेंट जवळजवळ प्रत्येक वेळी थोडंफार फाटतंच. काही तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलं असं समजा. गुडघा मधेच अडकत असेल, तर एखादा तुकडा सुटा झालेला असू शकतो. तो परत बसवायचा की काढायचा हे वेळेत ठरवावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर तो फंद नव्हे.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो 'दीड महिना बांधून ठेवा' हा सल्ला. सुरुवातीला, फार तर दोन-तीन आठवडे, ब्रेसचा, म्हणजे गुडघा धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, आधार ठीक आहे. पण सुटा तुकडा किंवा फ्रॅक्चर नसेल, तर ब्रेस आणि कुबड्या घेऊन सोसेल तेवढा भार पायावर लवकरच द्यायला सांगतात. सांध्यात रक्त-पाणी भरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, मिळणारा हुकूमच दबतो. पोरगी दात-ओठ खाऊन जोर लावते आणि मांडी हलत नाही. आई म्हणते, 'नखरे करते.' नखरे नाहीत हो, स्नायू खरंच झोपलेला असतो. त्यात पाय बांधून ठेवला की तो आणखी वाळतो. वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर टेप लावून दोन्ही मांड्या मोजा, फरक कळेल. शिवाय कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून, हालचालीवर होतं.

मालिशबद्दल दोनच शब्द. बरं वाटतं म्हणून मांडीला हलक्या हाताने तेल लावा, पण वाटीच्या आतल्या बाजूला जिथे फाटलंय तिथे रगडू नका. तेलाने ताकद येत नाही.

ताकद येते ती मेसेजने वर्ज्य केलेल्या व्यायामानेच. सुरुवात अगदी किरकोळ दिसते: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. माझी बोटं वाटीच्या जरा वर, मांडीच्या आतल्या अंगाला असतात, तिथे स्नायू घट्ट होतोय का हे चाचपत. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. यात किती उंच गेला हे बघायचंच नसतं. टाच सुटताना गुडघा किंचित वाकला, तर मांडी अजून तयार नाही. हे वाकणं (लॅग) जाईपर्यंत जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, कठडा धरून.

पुढे स्थिर सायकल, भिंतीला टेकून अर्धी बैठक, एका पायावर तोल आणि कुल्ल्याचे व्यायाम. 'वाटी सरकली गुडघ्यात, कुल्ला कशाला?' हा प्रश्न ठरलेला. खो-खोत उकिडवी बसलेली मुलगी खो मिळताच उठते तो क्षण बघा. पाऊल मातीत रोवलेलं, मांडी आत वळलेली, गुडघा आत झुकलेला, वर मांडीचा पूर्ण जोर. वाटी बाहेर ढकलायला याहून सोयीची स्थिती नाही. मांडी आत वळू न देण्याचं काम कुल्ल्याचे स्नायू करतात. (मांडीच्या आतल्या एकाच स्नायूचा 'खास' व्यायाम शिकवणारे व्हिडिओ सोडून द्या. तो स्नायू एकटा काढून व्यायाम देता येत नाही.) पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र इतक्यात नकोत, उतरताना वाटीवर फार दाब येतो. आणि सप्तशृंगी गडाचा नवस बोलला असाल तर फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरची ट्रॉली, आहे. देवी समजून घेईल.

बेल्टने धीर येतो, तो वाईट नाही. पण बेल्ट लावला म्हणून वाटी सरकायची राहते याला भक्कम पुरावा नाही. कमकुवत मांडीवर बेल्ट बांधून मैदानात सोडणं म्हणजे दुसऱ्या खेपेची तयारी.

'वय वाढलं की थांबतं' यावर विसंबू नका. पहिल्यांदा वाटी सरकलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांची ती पुन्हा सरकते. मूल अजून वाढीला लागलेलं असेल आणि मांडीच्या हाडावरची, वाटी जिच्यात एरवी वर-खाली होते ती पन्हळीसारखी खाच जन्मतः उथळ असेल, तर हे प्रमाण निम्म्याच्याही पुढे जातं. वाटी नेहमीपेक्षा उंच असणं, सांधे फार लवचीक असणं हीही कारणं. म्हणजे किशोरवय हे धोका वाढवणारं वय आहे.

ऑपरेशनबद्दल मेसेजची शंका अगदीच निराधार नाही. पहिल्याच वेळी, सुटा तुकडा नसेल, तर सहसा व्यायामावरच भर देतात. पण वाटी पुन्हा पुन्हा निसटत असेल तर प्रत्येक खेपेला कूर्चा झिजते आणि लिगामेंट नव्याने बसवण्याचा विचार करावा लागतो. मुलांच्या हाडांत वाढीची पट्टी (हाड जिथून वाढतं ती जागा) उघडी असते, तिला धक्का न लावता हे करावं लागतं, म्हणून मुलांच्या गुडघ्यांचा अनुभव असलेला सर्जन बघा. ऑपरेशन झालं तरी व्यायाम चुकत नाहीत.

राहिले शाळेचे सर. त्यांचा फोन तारखेसाठी असतो: 'जिल्हास्पर्धेला उतरेल ना?' साधारण तीन ते सहा महिने धरा, पण परवानगी कॅलेंडर देत नाही. सूज शून्य, गुडघा पूर्ण वाकतोय, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के, एका पायावर पायरी उतरताना गुडघा आत झुकत नाही, एका पायावरची उडी दोन्हीकडे सारखी. आणि वळताना हात आपोआप गुडघ्याकडे जात असेल तर भीती अजून आहे, तीही मोजायची. हे जमलं की गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सरळ पळणं, मग हळू वळणं, मग वेगात दिशा बदलणं. खांबाचा वळसा आणि उकिडव्यातून उठणं सगळ्यात शेवटी. तोवर तिला संघाबाहेर काढू नका, सरावाला बोलवा, गुण लिहायला बसवा.