खासगी कसलं?
अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली इंटर्न मोनिका लेविन्स्की यांच्या संबंधांवरच्या लेखातला 'क्लिंटन यांचं खासगी प्रकरण विरोधकांनी उगाच चव्हाट्यावर आणलं' हा सूर पटला नाही. विरोधक धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे कबूल. संसदेच्या खालच्या सभागृहाच्या सभापतिपदासाठी ज्यांचं नाव ठरलं होतं ते रिपब्लिकन नेते लिव्हिंग्स्टन स्वतःच्याच लफड्यापायी क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाच्या मतदानाच्या दिवशीच पायउतार झाले! पण म्हणून मूळ प्रश्न सुटतो का?

पॉला जोन्स या बाईंनी क्लिंटन यांच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला होता. त्यात मोनिकाबद्दल शपथेवर विचारलेल्या प्रश्नाला राष्ट्राध्यक्ष खोटं बोलले. २६ जानेवारी १९९८ ला टीव्हीवर बोट नाचवत साफ नकार, आणि १७ ऑगस्टला कबुली. मधले सात महिने सहकारी त्यांची बाजू लढवत बसले. वर साक्षीत 'आहे' (इंग्रजी 'is') या शब्दाचा अर्थ काय यावर कीस पाडला तो वेगळाच. वकील माणूस, दुसरं काय!

महाभियोगाच्या खटल्यात सिनेटने (वरच्या सभागृहाने) फेब्रुवारी १९९९ मध्ये दोषमुक्त केलं, हेही खरं. दोषी ठरवायला ६७ मतं लागत होती, पन्नासच्या वर एकही आरोप गेला नाही. पण त्याच एप्रिलमध्ये जोन्स दाव्याच्या न्यायाधीशांनी खोट्या साक्षीबद्दल त्यांना न्यायालयाच्या अवमानाचा ठपका ठेवून दंड केला. लेखात याचा उल्लेखच नाही.

आणि मोनिका? संबंध सुरू झाले तेव्हा ती २२ वर्षांची इंटर्न, ते ४९ चे, तिच्या साहेबांचेही साहेब. संमती होती असं तीही बराच काळ म्हणत आली, पण पुढे अनेक वर्षं चेष्टा कुणाची झाली? ते मात्र भाषणांचे पैसे घेत फिरले.