फुकटचा समुद्र

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल, आणि त्यातही वॉशिंग्टनच्या आसपास व्हर्जिनिया नाहीतर मेरीलँडमध्ये राहत असेल, तर जून महिन्यात एका सकाळी चहा पिताना तुमच्या कानावर पडेल, "आई, शनिवारी म्युझियममध्ये समुद्राचा फेस्टिव्हल आहे. फ्री आहे." यातलं पहिलं वाक्य ऐकलं नाहीत तरी चालेल. दुसरं ऐकू येतंच. आपल्या माणसाच्या कानात तेवढ्यासाठी वेगळा पडदा असतो.

सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामाला मी तिसऱ्यांदा इथे आलेली आजी आहे. त्यामुळे या बाबतीत चार गोष्टी सांगायचा मला अधिकार पोचतो. नवीन येणाऱ्यांनी लिहून घ्या.

आधी मूळ मुद्दा. हे स्मिथसोनियनचं नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी. तिथे 8 जूनच्या, म्हणजे जागतिक महासागर दिनाच्या, आगेमागे समुद्राचं कौतुक चालतं. हा दिवस असावा असं कॅनडाने 1992 साली रिओच्या परिषदेत सुचवलं आणि संयुक्त राष्ट्रांनी 2008 साली ते मान्य केलं. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग व्यापून बसलेल्याला वर्षातला एक दिवस द्यायला सोळा वर्षं विचार करावा लागला. आमच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव याहून लवकर झाला होता. असो. मुद्दा हा की त्या म्युझियमला तिकीट कधीच नसतं. 25 डिसेंबर सोडला तर वर्षभर, रोज, सगळ्यांना फुकट. पण हे घरात कोणाला सांगू नका. जे रोज फुकट मिळतं ते बघायला शनिवारी कोण उठतं? 'आज फ्री आहे' म्हटलं की मगच मंडळी आंघोळीला पळतात.

फुकट का, असं नात विचारील. तिला सांगा, जेम्स स्मिथसन नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ होता. आयुष्यात त्याने अमेरिकेत पाऊल टाकलं नाही. 1829 साली वारला. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की इस्टेट पुतण्याला, आणि पुतण्या निपुत्रिक गेला तर सगळी अमेरिकेला, ज्ञान वाढवण्यासाठी. पुतण्या तसाच गेला. काका-पुतण्याच्या प्रकरणातून लोकांचं काही भलं झाल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकच उदाहरण. पुढे 1904 साली त्याच्या अस्थी इटलीतून इकडे आणल्या, त्याही टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलसाहेबांनी. म्हणजे ज्याच्या पैशावर सगळं चाललंय, त्याला बोलावणं गेलं ते मेल्यावर पंचाहत्तर वर्षांनी. आपलं बरं आहे. आपल्याला सुनेचं बाळंतपण असलं की लगेच व्हिसा.

आता निघण्याची तयारी. म्युझियमला स्वतःचं पार्किंग नाही. चिरंजीव मेट्रोने जाऊ म्हणतील, सूनबाई बाबागाडी कशी चढवायची म्हणतील, आणि शेवटी गाडीच काढली जाईल. मग फुकटच्या कार्यक्रमासाठी पार्किंगला किती डॉलर मोजले याचे रुपये मनातल्या मनात करू नका. मी करते, पण तुम्ही करू नका. मेट्रोने गेलातच तर ध्यानात ठेवा की डब्यात खायला मनाई आहे. म्हणजे दशम्या घरीच संपवायच्या, नाहीतर पर्स मांडीवर घट्ट धरून, त्यातून येणाऱ्या लसणीच्या चटणीच्या वासाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून बसायचं.

पाण्याचं मात्र विसरू नका. घाऊक दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या माणशी दोन घ्या. समुद्रात प्लास्टिक किती जातं हे उभ्याउभ्या ऐकताना घसा फार सुकतो.

दारात तपासणी होते. आमच्या पिशवीतून गार्डने स्टीलचा डबा काढला, उघडला, आतल्या शंकरपाळ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला एक देण्याचा मोह आवरा. सूनबाई तुमच्यापासून तीन पावलं लांब सरकते.

आत शिरलात की घुमटाखाली हत्ती उभा दिसेल. मोठा आहे, आफ्रिकेतला आहे, त्याचा समुद्राशी संबंध नाही. तरी फोटो काढायचाच. आपली माणसं इथे जी पांगतात ती तासाभराने भेटतात. पुरुष मंडळी वरच्या मजल्यावर होप हिरा बघायला जातात, कारण तो 'आपला' आहे. गोवळकोंड्याच्या मुलखातला, निळा, 45.52 कॅरेटचा. हॅरी विन्स्टन नावाच्या जवाहिऱ्याने 1958 साली तो म्युझियमला देऊन टाकला आणि पाठवला कसा, तर साध्या रजिस्टर पोस्टाने. आमचे हे काचेपुढे उभे राहून दहा मिनिटं 'लुटून नेलं हो सगळं' म्हणत होते. त्यांच्यामागे रांग खोळंबली होती. समुद्र खाली वाट बघत होता, पण समुद्राला काय, सवय आहे.

समुद्राचं दालन 2008 साली उघडलं, तेवीस हजार चौरस फुटांचं. आपल्या ठाण्याच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ मनात भागायला घेऊ नका, उगाच वाईट वाटतं. महोत्सवाच्या दिवशी तिथे टेबलं मांडलेली असतात. काही टेबलांवर शिक्के, स्टिकर, कागदी मासे आणि 'समुद्र वाचवा' लिहिलेल्या पिशव्या. काहींवर शास्त्रज्ञ बसलेले. मुलांना पहिल्या प्रकाराकडे न्या. दुसऱ्यात वेळ जातो. पिशव्या माणशी एक असं लिहिलेलं असलं तरी रांगेत दोनदा उभं राहायला कोणी अडवत नाही. आमच्या घरी आता सात आहेत, सहा एकीच्या पोटात घडी घालून ठेवल्यात. समुद्र वाचेल तेव्हा वाचेल, कोथिंबीर आणायची सोय झाली.

एका टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि मागे एक पोरगेलासा शास्त्रज्ञ. त्याने मला डोळा लावायला सांगितलं. पाण्याच्या थेंबात काहीबाही वळवळत होतं, काही हिरवं, काही काचेच्या बांगडीच्या तुकड्यासारखं. तो म्हणाला, पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूतला साधारण निम्मा समुद्रातल्या असल्याच डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांकडून येतो. अशा वेळी काय विचारायचं हे आपल्याला माहीत असतंच: शिक्षण किती वर्षं झालं, पगार बरा आहे का, आणि लग्न. तो लाजला. उत्तरं दिली त्याने सगळी. पुढचं सांगायचं मात्र राहिलं, कारण मागून चिरंजीवांनी दंडाला धरलं.

पलीकडे एक तक्ता लावला होता. माणसाच्या उद्योगांमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र स्वतःत घेतो. म्हणून वर हवा जेवढी तापायला हवी होती तेवढी तापलेली नाही. मी तो तक्ता दोनदा वाचला. घरातली सगळी धग पोटात घ्यायची, वरून शांत दिसायचं, आणि तिकीट शून्य. हे काम मला ओळखीचं वाटलं. तुम्हालाही वाटेल. पण तिथे उभं राहून सूनबाईकडे बघू नका, तिचा गैरसमज होतो.

माकुल मात्र चुकवू नका. आमचं माहेर हर्णैजवळचं. लिलावात माकुलांचे ढीग लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच गेले. काचेत जे ठेवलंय ते बघून तोरा उतरला. राक्षसी माकुल, स्पेनच्या किनाऱ्यावरून आणलेलं. जिवंतपणी दहा मीटरच्या पुढे लांब. डोळा जेवायच्या ताटलीएवढा. याचा मेंदू मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला, आणि अन्ननलिका त्या भोकातून जाते. म्हणजे घास नीट बारीक करून गिळला नाही तर थेट मेंदूला इजा. ही माहिती नातवाला जेवताना सांगा, 'नीट चावून खा' हे मी तीन वर्षं सांगत होते त्याला पहिल्यांदाच पुरावा मिळाला. स्पेनहून हे धूड आणायला लष्करी विमान वापरलं, आणि त्या मोहिमेला नाव काय दिलं, तर 'ऑपरेशन कॅलमारी'. कॅलमारी म्हणजे इथल्या हॉटेलात तळून, लिंबू पिळून मिळतं ते. समुद्राबद्दलचा आदर सगळीकडे सारखाच असतो, आपल्याला उगीच वाटतं आपणच मत्स्यालयात उभं राहून 'याचं कालवण बरं होतं' म्हणतो.

तिथेच सीलाकॅन्थ नावाचा मासा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर संपला असं सगळे विद्वान धरून बसले होते. 1938 साली दक्षिण आफ्रिकेत मार्जरी कोर्टने-लॅटिमर ही तिथल्या छोट्याशा म्युझियमची बाई बंदरावर मासे बघायला गेली आणि ढिगाखाली हा दिसला. मला यात नवल वाटलं नाही. ढिगाच्या तळाशी काय दडवलंय हे बघायची सवय बाईलाच असते. विद्वान वरचा पापलेट बघून पैसे देतात.

खाण्याची जागा शोधाल तर तिथे डोक्यावर मेगालोडॉन टांगलाय. नामशेष झालेला शार्क, 52 फुटांचा पुतळा, जबडा उघडा. त्याच्याखाली बसून बटाट्याचे तळलेले काप काय भावाने विकतात ते बघायचं. जबडा नक्की कोणाचा मोठा, याचा निवाडा तुम्हीच करा.

राहता राहिला देवमासा. खरं म्हणजे देवमाशीण. दालनात छताला टांगलेली आहे, 45 फुटांची, आणि ती काल्पनिक नाही. फिनिक्स नावाची खरोखरची एक मादी आहे, 1987 साली जन्मलेली, तिचाच हुबेहूब पुतळा. शास्त्रज्ञ तिला जन्मापासून ओळखतात. मच्छीमारीच्या दोरात अडकली होती, सुटली, ओठावर व्रण राहिला, तोही पुतळ्यावर काढलाय. तिच्या जातीला इंग्रजीत 'राइट व्हेल' म्हणतात, म्हणजे योग्य देवमासा. मला वाटलं, वागायला योग्य असेल. तसं नाही. मारायला योग्य. हळू पोहते, किनाऱ्याजवळून जाते, मेली की बुडत नाही, तरंगते, आणि तेल भरपूर निघतं. एखाद्याच्या गरीब स्वभावावरून त्याचं नाव ठेवावं ते असं. 1935 पासून शिकारीला बंदी आहे. तरी आज उत्तर अटलांटिकमध्ये या जातीचे चारशेसुद्धा उरलेले नाहीत. आता त्यांना कोणी मारत नाही. जहाजं आपल्या घाईत असतात, मधे येतात त्या मरतात. दोर खेकड्यांसाठी आणि शेवंडींसाठी टाकलेले असतात, अडकतात त्या मरतात. कोणाचा काही वाईट हेतू नसतो.

नातीला हे सगळं वाचून दाखवू नका. तिला एवढंच सांगा की फिनिक्सची जात उन्हाळ्यात वर कॅनडाकडे असते आणि बाळंतपणाला खाली जॉर्जिया-फ्लोरिडाच्या ऊबदार पाण्यात येते. दीड-दोन हजार किलोमीटरचा प्रवास. बाळाला पाजायचं, सांभाळायचं, आणि ते दिवस आईने स्वतः जवळपास उपाशीच काढायचे, कारण तिचं खाणं तिकडे वर राहिलेलं.

"आजी, तुझ्यासारखं?" नात म्हणाली.

मी म्हटलं, मी उपाशी नसते गं, मला फक्त तुमचं ते सिरियल घशाखाली उतरत नाही.

मग पुढची ओळ वाचली. फिनिक्सला 2007 साली तिच्या लेकीकडून नातवंड झालं, असं लिहिलं होतं. मी वर बघितलं. इतक्या माणसांत, इतक्या आरडाओरड्यात, चेहऱ्यांवर शार्क रंगवलेली पोरं खालून धावताहेत, आणि ही आपली शांतपणे वर पोहतेय.

इथे फोटो काढतातच, त्याचंही तंत्र आहे. 45 फुटांची देवमाशीण एका चौकटीत मावायची तर चिरंजीवांना मागे मागे सरकत जावं लागतं. मुलं पुढे, सूनबाई त्यांच्यामागे, वर फिनिक्स. मग चिरंजीव फोन उंच धरून एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "आई, तू जरा बाजूला होतेस का? शेपूट कापली जातेय." तुम्ही लगेच व्हा. जाताना बाबागाडीवरच्या पिशव्या उचला, रिकाम्या बाटल्या उचला, नातवाच्या हातातला कागदी मासा धरा, नाहीतर तो फोटोत चुरगळलेला येतो.

फोटो चांगला आलाय. घरच्या ग्रुपवर टाकलाय, पुण्याच्या विहीणबाईंनी बदाम पाठवला. देवमाशीण अख्खी आलीय, ओठावरच्या व्रणासकट. खाली उजव्या कोपऱ्यात सात पिशव्यांचे बंद आणि एक हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा.