तलावाच्या पाळूवर आज्जीचंही नाव पाहिजे

आज्जीचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. गेल्या वर्षी पेपरात निधनवार्ता आली ती अशी: "त्या अत्यंत धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात मुले, मुली, सुना, नातवंडे, पतवंडे असा मोठा परिवार आहे." यात खोटं काहीच नाही. पण तिनं जन्मभर काय काम केलं, याबद्दल एक शब्द नाही. मराठवाड्यातल्या तिच्या पिढीच्या बहुतेक बायांच्या वाट्याला हेच येतंय आणि ते मला मनापासून खटकतं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. घरात सगळे तिला 'बाई' म्हणायचे, आम्ही नातवंडंसुद्धा. रझाकाराच्या वेळी ती लहान पोर होती, आईसोबत ज्वारीच्या रानात लपून बसल्याचं सांगायची. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी दिवस ती माळवदाखाली, म्हणजे मातीच्या छताखाली, झोपायलाच तयार नव्हती. हे सगळं ती दोन-चार वाक्यांत उरकायची. बोलायला लागली की बोलायची ती बहात्तरवर, म्हणजे १९७२ च्या दुष्काळावर.

तिच्या डाव्या अंगठ्याचं नख चपटं होतं, मधोमध उभी चीर, कडेला काळसर. खडी फोडताना हातोडी बसलेली. बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळ पाझर तलावाची पाळू, म्हणजे मातीचा बांध, घालायचं काम निघालं, त्यावर ती आधी खडी फोडायला आणि मग माती वाहायला होती. पदरात तान्हं लेकरू, म्हणजे माझे धाकटे काका. बाभळीला धोतराची झोळी बांधून त्यात त्यांना टाकायचं, मोठ्या पोरीला झोका द्यायला बसवायचं आणि आपण पाटी उचलायची. मुकादम चौकड्या, म्हणजे माती काढलेले चौकोनी खड्डे, मापायचा, आठवड्याला पगार व्हायचा. हजेरीपटावर अंगठा उठवायचा तोही हाच, सुजलेला. "शाई झोंबायची बग," एवढंच म्हणायची.

कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची. ती स्वतः चिमूटभर तोंडात टाकून बाकीची पदराला बांधून घरी आणायची. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. मग पिठात आधणाचं पाणी घालून, हात भाजत मळायचं, तेव्हा कुठं जमायची. कितीही कडक पाण्यात ती सहज हात घालायची, याचं कारण मला तेव्हा कळलं.

त्या साली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, कशी केली, असं एकदा विचारलं होतं. आमच्या लातूर-धाराशिव भागात येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. रानात कडब्याची खोप, चुना लावलेल्या दगडांचे पांडव, बिंदग्यातली आंबील, बाजरीचे उंडे, आणि हरभरा, तूर, वाटाणा, पातीचा कांदा, मेथी घालून केलेली भज्जी. ती म्हणाली, "लेकरा, रानात हिरवं म्हणून काई नव्हतं. भज्जीला पाला कुठून आणावा? मिलोची भाकर ठिवली पांडवाफुडं, हात जोडले अन् आले कामावर." म्हणूनच पुढे येळवसेला रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही ती जेवल्याशिवाय सोडायची नाही. हाका मारमारून बोलवायची. आंबील प्यायलेल्या माणसानं नको म्हणलं तरी द्रोणात भज्जी पडायचीच.

२०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा टीव्हीसमोर बसून ती बराच वेळ बघत होती. "आमाला दाना नव्हता, तुमाला पानी नाई," म्हणाली. बहात्तरला विहिरीत थोडंफार पाणी होतं, पोटाला नव्हतं. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आपण बोअर मारून जमिनीखालचं काय केलं, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. पाण्यावरच्या भाषणांत मी इतकं नेमकं कधी ऐकलं नाही.

बहात्तरच्या त्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. १९७७ ला राज्यानं कायदा केला, २००५ ला देशानं. या योजनेचे जनक वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी आदरानं घेतलं जातं आणि घेतलंच पाहिजे. पण भर उन्हात त्या कामांवर राबून ती योजना खरी करून दाखवली ती माझ्या आज्जीसारख्या लाखो माणसांनी, आणि त्यात बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. आमच्या तलावात आजही पावसाळ्यात पाणी थांबतं, खालच्या विहिरींना त्याचा पाझर लागतो. त्या पाण्यावर सोयाबीन आणि हरभरा काढणाऱ्या पोरांना ती पाळू कुणी घातली हे माहीत नाही. हा त्या पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

बहात्तरला पंचविशीत असलेली बाई आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. म्हणजे विचारायचं ते आत्ताच. काम कुठलं होतं, मुकादम कोण, सोबत कोण होतं, लेकरू कुणापाशी ठेवलं, काय खाल्लं. मोबाईल समोर ठेवा आणि त्यांना बोलू द्या, मधे तोडू नका. अशी माणसं एका नावापाशी थांबली की दहा नावं सांगतात.

आमच्या गावात त्या कामावरच्या काही बाया अजून आहेत. या येळवसेला गावी जाऊन त्यांच्याकडून जमतील तेवढी नावं वहीत उतरवून घेणार आहे, गेलेल्यांचीही. ती यादी ग्रामसभेत ठेवायची आणि पाळूवर नावांचा एक दगड बसवायची मागणी करायची, असं आम्ही चुलत भावंडांनी ठरवलंय. दगडाचा खर्च आम्ही करू. ग्रामपंचायतीनं फक्त ठराव घ्यावा.