रीलमधला सल्ला आणि पहिले ७२ तास

लातूरच्या क्लासेसना, नांदेड-संभाजीनगरच्या कॉलेजांना आलेलं लेकरू बहुतेक वेळा पहिल्यांदाच घराबाहेर राहत असतं. शरीराबद्दल घरात कुणी बोललेलं नसतं. मग इन्स्टावर ओळख, महिनाभर चॅटिंग, भेट. रोज रात्री दोनपर्यंत बोलणारा माणूस परका वाटत नाही, म्हणून निरोधचा विषयच निघत नाही. मोबाईल हिसकावून काही साधणार नाही. खरं नुकसान नंतर होतं: घाबरलेलं पोर दवाखाना सोडून रीलखालच्या कमेंट वाचत बसतं आणि तास निघून जातात.

गर्भ राहायची भीती असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर फारसा उपयोग नाही. म्हणून रीलमधली "शंभर टक्के खात्री" साफ खोटी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करावी.

सगळ्यात घातक गोंधळ म्हणजे ही गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्या एकच समजणं. मित्राकरवी मागवलेल्या गर्भपाताच्या गोळ्या रूमवर घेतल्या आणि गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असला, तर त्या गोळ्या लागू पडत नाहीत आणि नळी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पोरींनो, १८ पूर्ण असतील तर गर्भपाताला आईवडिलांची सही लागत नाही, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. १८ च्या आत पालकांची संमती लागते, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदाही लागू होतो. तरी उपचार टाळू नका.

लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी एचआयव्ही, गरमी (सिफिलिस) यांपासून वाचवत नाही. एचआयव्हीचा धोका वाटला तर संभाजीनगरच्या घाटी किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात लगेच जा. एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाची गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतात. ते औषध संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस चालतं. आठवड्याने केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करायची. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात, ती मोफत होते, १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून विचारताही येतं.

निरोध गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात रबर खराब होतं. खोबरेल तेलाने तर तो फाटतोच.

रात्री ओपीडी बंद असते. तेव्हा अपघात विभागात जायचं, सकाळची वाट बघायची नाही.