पहाटेची सभा आणि 2083 नंबरचं दार

आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर वार्षिक सभेची सूचना मीच टाकली होती. जुन्या प्रभातफेरीच्या सूचनेवरून उचलली, त्यामुळे ‘रविवारी पहाटे 5’ तसंच राहिलं. शनिवारी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात लँडलाइनवर अध्यक्षांचा फोन. “सर, पहाटे सभा ठेवलासा होय? चहाचं मी बघतो, कोरमचं कोण बघणार?”

काम दोन मिनिटांचं. सीपॅनल, म्हणजे वेबसाइटचा कारभार बघायचं पान, उघडायचं, फाइल मॅनेजरमध्ये जाऊन ‘पहाटे’ खोडायचं. पत्ता टाकला, शेवटी 2083, म्हणजे सीपॅनलच्या दाराचा (पोर्टचा) नंबर. चक्र फिरत राहिलं, मग पान पांढरं.

“2083 बंद केलंय की ओ सर,” लॅबवाला म्हणाला. “बाहेर जायला 80 आणि 443, दोनच.” सर्व्हरला, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाला, 65,535 दारं असतात म्हणे. आमच्या कॉलेजनं दोन उघडी ठेवली आणि माझं काम नेमकं तिसऱ्यात. मोबाईलवरून करावं तर दगडी इमारतीत रेंज नाही आणि बाहेर बेळगावचा जुलै.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. “मामा, प्रॉक्सी लाव,” म्हणाला आणि मीटिंगला पळाला. आमच्या वेळी प्रॉक्सी म्हणजे मित्राच्या नावाला आपण ‘हजर सर’ म्हणायचं. ही तशीच, आपल्या वतीनं दुसराच जातो. फक्त टिळकवाडीतून शहापूरला निपाणीवरून फिरून जातो.

दोन फुकट प्रॉक्सींनी 2083 बघूनच हात झटकले. तिसरीनं घेतलं. आता अशा प्रॉक्सीत पासवर्ड टाकणं म्हणजे स्टँडवर भेटलेल्याला घराची किल्ली देऊन ‘गॅस बंद केलाय का बघून ये’ म्हणणं. हे मला कळत होतं. तरी दिली.

आत गेलो! कोपऱ्यात माझा मुक्काम दिसला: नेदरलँड्स. 1956 पासून आमचं गाव कुठल्या राज्यात यावर भांडण, महाजन आयोग झाला, 2004 पासून सुप्रीम कोर्टात तारखा. आणि मी मोर्चा न काढता थेट युरोपात.

फाइल उघडली, ‘पहाटे’वर कर्सर नेला, तोच: ‘तुमचा आयपी पत्ता बदलला आहे, पुन्हा लॉगिन करा.’ आता मी जर्मनीत होतो. पुन्हा लॉगिन, पुन्हा ‘पहाटे’, पुन्हा बाहेर. प्रॉक्सी दर थोड्या वेळानं गाव बदलत होती आणि सीपॅनलला फिरस्ता माणूस चालत नव्हता. चिडून पासवर्ड चारदा चुकवला, तेव्हा त्यानं चोर समजून थोडा वेळ खातंच अडवून ठेवलं.

साडेपाचला भाचा मोकळा झाला. “अरे मामा, 2083 कशाला? साइटच्या नावाआधी ‘सीपॅनल’ आणि टिंब टाक.” टाकलं. उघडलं. या पत्त्यावर आपण 443 च्याच दारातून जातो आणि सर्व्हर आतल्या आत 2083 कडं पोचवतो. ही पण प्रॉक्सीच, पण घरची. ‘पहाटे’ खोडलं, ‘सायंकाळी’ केलं, पासवर्ड बदलला आणि लॅबवाल्याला कुंदा खिलवला.

रविवारी पहाटे पाचला दार वाजलं. छत्र्या निथळत दोन पेन्शनर उभे. सूचना त्यांनी शुक्रवारीच डायरीत उतरवली होती.

“सभा संध्याकाळी आहे ओ काका.”

“मग परत कोण येतंय पावसात,” एकानं खिशातून पेन काढलं. “रजिस्टर आणा, सही करून जातो. कोण विचारलं तर हजर म्हणून सांगा.”