कार्टेल केलं तर फक्त दंड, जेल कुठेच नाही? हे खरं नाही

एक मेसेज फिरतोय की कंपन्यांनी आपसात ठरवून भाव वाढवले (यालाच कार्टेल म्हणतात) तर जगात कुठेही जेल होत नाही, दंड भरला की विषय संपला. साफ चुकीचं आहे हे. अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्यापासून हा गुन्हाच आहे, १९७४ मध्ये तो गंभीर गुन्हा झाला आणि २००४ पासून कमाल शिक्षा १० वर्षं आहे. लायसिनच्या (पशुखाद्यात घालतात ते अमिनो ॲसिड) कार्टेलमध्ये तर एफबीआयने गुपचूप मीटिंगा रेकॉर्ड केल्या, एडीएम या अमेरिकन कंपनीला लायसिनसाठी ७ कोटी डॉलर दंड झाला आणि वर मोठे अधिकारी खरंच तुरुंगात गेले. ब्रिटनमध्येही ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

हां, युरोपियन युनियनच्या पातळीवर फक्त कंपनीला दंड आहे, उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, बहुतेक त्यावरूनच हा गैरसमज झाला असावा. आणि दोघांचे भाव सारखे दिसले म्हणजे लगेच कार्टेल असंही नाही, आपसात संगनमत झाल्याचं सिद्ध करावं लागतं.

माझं मत विचाराल तर जेल हवीच, कारण दंड शेवटी कंपनी भरते, ठरवणारा माणूस मोकळाच राहतो.